बिनप्लगच्या गच्च्या

१५ मे २००५, रविवार

सी ब्लॉकच्या वरच्या मजल्यावरच्या सुमित्रावहिनी काल रात्रीच्या गाडीने नाशिकला गेल्या आणि जाताना माझा धंदा बंद करून गेल्या.

त्यांचा काही दोष नाही. आपली बाई सुट्टीत गावाला निघताना जे जे करते ते त्यांनी केलं. दूध बंद, पेपर बंद, गॅस बंद, तुळस शेजारी. तुळस माझ्याकडे आली. मी त्यांना खाली रिक्षापर्यंत पोचवायला गेले होते, तिथे मीच शहाणपणा करून विचारलं, "मेन बंद केलीत ना, वहिनी?" "अय्या, बरी आठवण केलीत!" म्हणून त्या चार जिने परत चढल्या आणि मेन बंद करून आल्या. काल रात्रीपासून सी आणि डी ब्लॉकचं इंटरनेट गायब आहे आणि आज सकाळपासून माझा फोन खणखणतोय.

हा सगळा डोलारा कसा उभा आहे, ते एकदा लिहून ठेवते. कंपनीची लाइन ए ब्लॉकमध्ये माझ्या घरापर्यंत येते. तिथून माझी केबल गच्चीगच्चीने बी, मग सी, मग डी ब्लॉकला जाते. प्रत्येक गच्चीवर प्लॅस्टिकच्या पेटीत एक स्विच आहे. स्विच म्हणजे तळहाताएवढी डबी, एका केबलमधून आलेलं इंटरनेट आठ घरांत वाटणारी. तिला वीज लागते. आणि दिल्लीच्या या द्वारकेत ज्यांनी या इमारती बांधल्या त्यांनी गच्चीवर पाण्याच्या टाक्या दिल्या, पापड वाळवायला जागा दिली, पण प्लग दिला नाही. त्यामुळे सगळ्या दिल्लीत चालतं तेच मी केलं. वरच्या मजल्यावरच्या घरातून खिडकीतून वायर घ्यायची, आणि जो वीज देईल त्याला इंटरनेट फुकट. सीच्या पेटीला वीज सुमित्रावहिनींची.

ह्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता म्हटलं, "दुसऱ्याच्या घरातल्या विजेवर धंदा होत नसतो, कुमुदिनी. आणि गच्च्या चढायचं वय आहे का हे?"

माझं डोकं सटकलं. हे जानेवारीत मंत्रालयातून रिटायर झाले, आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून इथे आलो, तेव्हापासून घरात बसून माझ्या प्रत्येक गोष्टीवर, फायलीवर शेरा मारावा तसं, नोटिंग लिहितात. मी म्हटलं, "ऐका. माझ्या या कामात तुम्ही हात घालायचा नाही. मदत नको, सल्ला नको. कबूल?"

"कबूल," म्हणाले आणि पान उलटलं.

१७ मे, मंगळवार

सीची वायर तूर्त सुमित्रावहिनींच्या शेजारच्या खिडकीतून घेतली, तेवढ्यात मारुतरावांनी बोलावलं. सोसायटीचे सेक्रेटरी, फौजेतले रिटायर्ड सुभेदार मेजर. माणूस सरळ आहे, पण सरळ म्हणजे अगदी पट्टीने आखलेला. जिन्यातल्या मीटरवरून गच्चीवर वीज द्या म्हटलं तर म्हणाले, "कॉमन मीटर सगळ्यांचा. आज तुम्हाला दिली, उद्या कोणी गच्चीवर गिरणी लावेल."

मग मुद्द्यावर आले. एका मोठ्या कंपनीचा टायवाला माणूस त्यांना भेटून गेलाय. सगळ्या सोसायटीचं इंटरनेट आम्हालाच द्या म्हणतोय, दुसऱ्या कोणाची केबल नको.

"मॅडम, मला तुमच्याबद्दल आदर आहे," मारुतराव म्हणाले. "पण इथे दिवसाआड लाइट जाते. घराघरात इन्व्हर्टर आहेत, कॉम्प्युटर चालतात, आणि तुमचं नेट मात्र बंद. बिल्कुल नहीं चलेगा. एकोणीस जूनला जनरल बॉडी आहे. एक जूनपासून तोपर्यंत लाइट गेली तरी तुमचं नेट जाता कामा नये. एकदाही गेलं, तर मी त्या कंपनीचं नाव पुढे करणार."

"मंजूर," मी म्हणाले. कसं करणार याचा पत्ता नव्हता. जीभ आधी आणि डोकं मागून, हा माझा जन्मजात गुण.

घरी येताना हिशोब मांडला. टेलिफोनमध्ये आयुष्य काढलं, त्यातली कितीतरी वर्षं एक्स्चेंजच्या बॅटरी रूमची जबाबदारी माझी होती. शेवटी तक्रारींच्या खिडकीवर आणून बसवलं म्हणून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हे इंटरनेट गेलं, तर मी म्हणजे दुपारी सिरियल बघणारी, घरी बसलेली बाई. त्यात वाईट काही नाही. पण मला ते व्हायचं नाही.

२० मे, शुक्रवार

संध्याकाळी लाइट गेली. अंधारात फोन वाजला. डी ब्लॉकमधली तेजश्री, लातूरकडची, यूपीएससी करते. "काकू, नेट गेलं हो."

"लाइट गेलीय गं."

"मग फोन कसा चालू आहे?"

मी तिला सांगायला लागले, फोनची वीज घरातली नसते, एक्स्चेंजच्या बॅटरीतून येते, ज्या तारांतून आवाज येतो त्याच तारांतून. आणि सांगता सांगता गप्प झाले. ती बिचारी "काकू? काकू?" करत राहिली.

माझ्या केबलमध्ये आठ तारा आहेत. इंटरनेटला लागतात चार. बाकीच्या चार रिकाम्या, गच्चीवर उन्हं खात पडल्यात! त्यांतून वीज पाठवायची. माझ्या घरातून, आमच्या इन्व्हर्टरवरून, थेट पेट्यांपर्यंत. मग सुमित्रावहिनी नाशिकला जावोत नाही तर काशीला.

कुणाची खिडकी नको, कुणाचे उपकार नकोत. रात्री झोप लागेना इतका आनंद झाला.

२३ मे, सोमवार

आनंद उतरला. बीचा स्विच लागला, सीचा मिणमिणला, डीचा मेला. शेवटच्या घराचा नळ जसा करंगळीएवढा वाहतो, तसं झालं. तारा बारीक, अंतर लांब, आणि मी पाठवत होते स्विचला लागते तेवढीच कमी दाबाची वीज. अहो, एक्स्चेंजमधून अठ्ठेचाळीस व्होल्ट का सोडतात, हे मी नव्या पोरांना शिकवत होते! इथे मात्र विसरले.

उद्या लजपतराय मार्केट, सुटे भाग आणायला.

२७ मे, शुक्रवार

जमलं! इथून अठ्ठेचाळीस सोडायचे, आणि प्रत्येक पेटीत एक छोटं कार्ड, ते दाब उतरवून स्विचला देतं. सगळी कार्डं मी जोडली. सोल्डरचा वास घरभर झाला. ह्यांनी नुसत्या खिडक्या उघडल्या.

आज परीक्षा घेतली. दुपारी घरची मेन बंद केली, इन्व्हर्टरवर सगळं सोडलं आणि गच्च्यांवर फेऱ्या मारत बसले. पाच तास झाले तरी नेटवर्क ठणठणीत, इन्व्हर्टरने साधी कुईसुद्धा केली नाही. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट! मारुतरावांना चिठ्ठी दिली, लाइट गेल्यावर पाच तासांची हमी.

परत आले तर हे बाल्कनीत. मे महिन्यातली दिल्लीची दुपार, लू, अंग भाजणारा वारा, चाललेली, आणि हा माणूस बनियनवर बाहेर बसलेला.

"अहो, आत पंखा आहे ना?"

"बाहेर बरं आहे. हवा आहे."

हवा! भट्टीतून येते तीही हवाच म्हणायची. सोल्डरच्या वासाचा निषेध असणार.

२ जून, गुरुवार

पहिली खरी परीक्षा. साडेसहाला लाइट गेली ती साडेनऊनंतर आली. मी टॉर्च घेऊन सगळ्या गच्च्यांवर. पेट्यांमध्ये हिरवे दिवे लुकलुकत होते. डीच्या गच्चीवर तेजश्री वर आली, म्हणाली, "काकू, सगळ्या सोसायटीत अंधार आणि तुमचे दिवे चालू. भारी वाटतं." मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी आले तर घरात गुडुप अंधार. टेबलावर मेणबत्ती, ताट वाढून झाकून ठेवलेलं, आणि हे पुन्हा बाल्कनीत. घरात इन्व्हर्टर असताना मेणबत्ती लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी ट्यूब लावली, पंखा लावला, जेवले. ताट पुसेपर्यंत हे उठून आले, "झालं तुझं?" म्हणाले आणि दोन्ही बंद करून परत बाहेर.

रुसवा आहे हा. मी जिंकतेय ते बघवत नाहीये. माहेरी म्हणायचे, पुरुषाचा रुसवा आणि दिल्लीचा उन्हाळा, दोन्हींवर बोलू नये, सोसावं. मी सोसते आहे.

७ जून, मंगळवार

आज हद्द झाली. तेजश्री सहज बोलून गेली, "काका किती काळजी करतात ना. लाइट गेली की रोज फोन येतो त्यांचा. डीचं नेट चालू आहे का विचारतात."

म्हणजे माझ्यावर पहारा! मी कधी पडते याची वाट बघत बसलेत. घरी येऊन विचारलं, "तेजश्रीला कशाला फोन करता?"

"असंच. आपल्या बाल्कनीतून बीची पेटी दिसते, डीची दिसत नाही."

"आणि ती कशाला बघायची असते तुम्हाला? हात घालायचा नाही असं ठरलं होतं."

"हात कुठे घातला? डोळे घातले." आणि हसले! मला हसू आलं नाही. आज स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजली.

११ जून, शनिवार

लाइट दोनदा गेली. नेटवर्क टिकलं. अंगात त्राण नाही, झोपते.

१७ जून, शुक्रवार

नोएडाहून वन्संचा फोन. विजयालक्ष्मीवन्संच्या घरी उद्या सत्यनारायण आहे, भावाने यायलाच पाहिजे. मला जनरल बॉडीची तयारी करायचीय म्हणून हे एकटेच जाणार. तर यांची टाळाटाळ सुरू. "परवा गेलं तर?" "उद्या लाइट जाईल का गं?" जसा काही लाइट जाण्याचा मुहूर्त मी काढते!

शेवटी निघायचं ठरलं. रात्री पिशवी भरता भरता म्हणतात, "उद्या लाइट गेली तर तू गच्चीवरच असशील ना?"

"का?"

"नाही, म्हटलं, घरात फार वेळ बसू नकोस. बसलीस तर बाल्कनीत बस."

आता माझ्याच घरात मी कुठे बसायचं तेही हे सांगणार. टेबलावर मेणबत्त्यांचं नवं पाकीट ठेवलंय. मी ते उचलून फडताळात टाकलं.

१८ जून, शनिवार

रात्रीचे बारा वाजलेत. तरी लिहिते.

हे सकाळी गेले. संध्याकाळी सहाला मारुतराव आणि त्यांच्या बायको कृष्णाबाई आले. उद्या सभेत बोलायच्या आधी मारुतरावांना सगळी व्यवस्था डोळ्यांनी बघायची होती. कार्ड दाखवलं, तारा दाखवल्या. फौजेतल्या माणसाला बारीकसारीक विचारायची सवय, तोही रंगला. आणि साडेसहाला लाइट गेली.

मला तर उत्साहच आला. म्हटलं, बघा आता! दोन्ही खोल्यांतले पंखे लावले, सगळ्या ट्यूब लावल्या. कृष्णाबाईंना घाम येतोय दिसल्यावर कूलरसुद्धा लावला. चहा, चिवडा. मारुतरावांनी घरी त्यांच्या पोराला, समर्थला, फोन करून विचारलं, तर सीमध्ये नेट चालू. "शाब्बास," ते म्हणाले. "जवाब नहीं, मॅडम."

तास झाला असेल नसेल. इन्व्हर्टर केकाटायला लागला. टीं. टीं. टीं.

तो आवाज मी ओळखते. म्हणजे बॅटरी तळाला गेली, आता काही मिनिटं. पाच तासांची हमी आणि तासाभरात ही गत! तीच बॅटरी, तेच स्विच, त्याच तारा. कार्ड जळलं का? तार कुठे चिकटली का? मी कनेक्शनं चाचपत होते आणि मारुतराव घड्याळाकडे बघत होते.

मग कूलरच्या घरघरीकडे लक्ष गेलं. पंख्यांकडे गेलं. ट्यूबकडे गेलं.

मी धावत सुटले. कूलर बंद. पंखे बंद. ट्यूब बंद. सगळं बंद, फक्त माझी लाइन चालू. अंधारात आम्ही तिघं उभे, आणि तो आवाज... टीं. टीं. मग थांबला.

"उकाडा होईल," मी म्हटलं. "आपण बाल्कनीत बसू."

बाल्कनीत ह्यांचं सगळं मांडलेलं होतं. वेताची खुर्ची, तिच्यावर वाळ्याचा पंखा, पाण्याचा तांब्या, गळ्याभोवती घ्यायचा पंचा. कृष्णाबाई म्हणाल्या, "हीच का ती जागा? अहो, आमच्या किचनमधून रोज दिसतं. लाइट गेली की भाऊजी पहिल्यांदा घरातले दिवे घालवतात आणि इथे येऊन बसतात. मी ह्यांना म्हटलं, इन्व्हर्टर असून का बरं अंधारात बसत असतील?"

"मला वाटलं इन्व्हर्टर बिघडलाय," मारुतराव म्हणाले.

मी त्या खुर्चीत बसले. समोर बीची गच्ची. आणि टाकीच्या बाजूला, बरोबर डोळ्यांसमोर, माझ्या पेटीतले हिरवे दिवे.

गेले तीन आठवडे हा माणूस इथे बसून हे बघत होता. आणि मी म्हणत होते, रुसलाय.

मी रडले. अंधार होता, पण कृष्णाबाईंनी ओळखलं. त्यांनी वाळ्याचा पंखा उचलला आणि मला वारा घालायला लागल्या. साडेआठला लाइट आली. दिवे एकदाही विझले नाहीत.

१९ जून, रविवार

हे पहिल्या बसने परत आले. सत्यनारायणाचा प्रसाद हातात, पिशवी खांद्याला, आणि दारातच, "काल गेली होती का?"

"गेली होती."

"टिकलं?"

"टिकलं. तुमच्या खुर्चीत बसले म्हणून टिकलं."

त्यांनी प्रसाद टेबलावर ठेवला. चोरी पकडली गेल्यासारखं तोंड झालं होतं.

"ती बॅटरी म्हातारी झालीय, कुमुदिनी. आर. के. पुरमपासून तिला पाणी मीच घालतो, मला माहीत आहे ती किती ओढते ते."

खरं आहे. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची मी आयुष्यभर नाडी बघितली, घरच्या बॅटरीचं झाकणसुद्धा कधी उघडलं नाही. आणि परीक्षा घेतली त्या दुपारीही हे बाहेर बसले होते. माझ्या मोजणीत हे होते, आणि ते मी मोजलं नाही.

"मग सांगितलं का नाही?"

"हात घालायचा नाही म्हणालीस. मी नाही घातला. पंखा लावायलासुद्धा नाही."

जनरल बॉडी अकराला. टायवाला माणूस आला होता, रंगीत पत्रकं वाटली. मारुतरावांनी उभं राहून एवढंच सांगितलं की एक तारखेपासून इतक्या वेळा लाइट गेली, नेट एकदाही गेलं नाही, काल मी स्वतः तिथे होतो. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात मागून बी ब्लॉकच्या एकाने विचारलं, "मॅडम, पाच तासांची हमी दिलीत म्हणे. बॅटरी खरंच पाच तास टिकते?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. मारुतराव माझ्याकडे बघत होते. ह्यांनी मागच्या रांगेत मान खाली घातलेली.

"मी घरात असले तर तासभर," मी म्हटलं. "हे असले तर पाच तास."

क्षणभर कोणाला कळेना. मग कृष्णाबाई हसल्या, आणि त्यांनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने पुढच्या बाईला, आणि बघता बघता सगळं सभागृह हसत मागे वळून ह्यांच्याकडे बघायला लागलं. हे कानापर्यंत लाल. मी आवाज चढवून म्हटलं, "ही हमी नव्हे, मला कळतंय. या आठवड्यात नेटवर्कची स्वतःची वेगळी बॅटरी येईल. मग हे असोत नसोत, पाच तास. ते लिहून घ्या."

मारुतरावांनी हात वर करायला सांगितलं. टायवाल्याने पत्रकं गोळा केली.

२६ जून, रविवार

नवी बॅटरी बसली. तिला पाणी कोणी घालायचं यावर थोडं वाजलं. शेवटी मी माघार घेतली. मदत नको हा माझा कायदा होता, तो मीच मोडला. सोपं गेलं नाही, पण मोडला.

आज सातला लाइट गेली. मी बी, सी, डी फिरून आले. सुमित्रावहिनी परत आल्यात, त्यांची तुळस त्यांना पोचवली. चांगली फोफावलीय. वायर आता खिडकीतून नको म्हटलं तर त्यांना वाईटच वाटलं. "फुकटचं इंटरनेट गेलं की हो!" ते तसंच राहू दिलं.

घरी आले. आत पंखा फिरत होता, ट्यूब लागलेली होती, पंख्या-दिव्यांचा नेटवर्कशी आता काही संबंध नाही. आणि हे बाल्कनीत, पंचा गळ्यात.

"आता कशाला?" मी विचारलं. "आता गरज नाही. चला आत."

"येतो. बीचे दिवे जरा बघतो. सवय झाली."

मी आत गेले. पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, आणि दुसरी खुर्ची बाहेर आणली.